कोरमची बाई

फोन नेहमी मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी यायचा. "बाई, उद्या येताय ना? तुम्ही नसलात तर कोरम होत नाही." पुढे पुढे ऑफिसात माझं नावच पडलं, कोरमची बाई. चहा आणून देणाऱ्या पोऱ्यालाही ते ठाऊक होतं.

महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून मी २००८ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी एक जुना विद्यार्थी घरी आला. आता एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर. म्हणाला, "आमच्या एथिक्स कमिटीवर एक ले पर्सन लागते. म्हणजे, वैद्यकातलं ज्यांना काही कळत नाही अशी व्यक्ती." मी विचारलं, "आणि तुला नेमकी मी आठवले?" तो ओशाळला, पण मी हो म्हटलं. घरी बसून तरी काय करणार होते?

माणसांवर नव्या औषधांची चाचणी करायची तर अशा समितीची मंजुरी लागते, आणि पाच तऱ्हेची माणसं हजर असल्याशिवाय समितीची बैठक भरत नाही. औषधशास्त्राचा जाणकार, रुग्ण तपासणारा डॉक्टर, कायदा जाणणारा, बाहेरची एक सामान्य व्यक्ती. पाचवी खुर्ची गमतीची आहे. समाजशास्त्रज्ञ, सेवाभावी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतितज्ज्ञ किंवा धर्मशास्त्री, यांपैकी कोणीही एक तिच्यावर चालतो. अमेरिकेत बायोएथिसिस्ट हा स्वतंत्र पेशा आहे, मोठ्या इस्पितळांत त्यांना सल्ल्याला बोलावतात. आपल्याकडे पाच जणांत मिळून एक खुर्ची. आमच्याकडे तिच्यावर तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक बसत. स्वायत्तता, हित, अपाय न करणं आणि न्याय ही चार तत्त्वं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात समजावली. दोन अमेरिकी लेखकांनी ती १९७९ सालच्या पुस्तकात मांडली, हेही सांगितलं. पण बैठकीत तत्त्वांचं नाव ते क्वचित घेत. प्रत्येक प्रस्तावावर त्यांचा एकच प्रश्न असे, "हे कुणाच्या सोयीचं?" नव्या डॉक्टरांना त्याचा फार राग यायचा.

माझ्या वाट्याला संमतिपत्रकं आली. एकेक पत्रक पंधरा-वीस पानांचं. इंग्रजीतून मराठी केलेलं, आणि सोबत 'भाषांतर अचूक आहे' असा शिक्क्याचा दाखला. भाषांतर खरोखरच अचूक असायचं, फक्त ते कुणाला कळायचं नाही. 'यादृच्छिक पद्धतीने आपली गटनिश्चिती करण्यात येईल.' शिकवण्यात जन्म गेला तरी हे वाक्य मला दोनदा वाचावं लागलं. मी पत्रकं घेऊन वॉर्डात जायला लागले. तिथल्या एक आयाबाई, सगळे त्यांना मावशी म्हणत, सातवी शिकलेल्या. त्यांना मी एकेक परिच्छेद वाचून दाखवायची आणि विचारायची, "काय कळलं?"

"यातला अन्वेषक म्हणजे पोलीस का हो, बाई?"

तेव्हापासून आमच्या पत्रकांत 'अन्वेषक' गेला आणि 'संशोधन करणारे डॉक्टर' आले. 'यादृच्छिक'च्या जागी मी लिहिलं, 'तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठी टाकून ठरवतात तसं ते ठरेल.' यावर एका तज्ज्ञांनी हरकत घेतली. चिठ्ठी म्हटलं की रुग्णाला वाटेल आपल्यावर जुगार चाललाय. मी म्हटलं, वाटू दे की. ज्याला तसं वाटेल त्याला बरोबरच कळलेलं असेल. 'प्लासिबो'ला 'औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी' केलं. सगळ्यात जड गेलं ते 'आपण केव्हाही माघार घेऊ शकता'. मावशींनी त्याचा अर्थ लावला, इस्पितळातून नाव काढतात. म्हणून पुढे एक वाक्य जोडलं, 'नाही म्हणालात तरी तुमचे उपचार इथेच आणि असेच चालू राहतील.' ते वाक्य खरं ठरेलच याची खात्री मला तेव्हा नव्हती, आजही पुरती नाही. पण लिहिलेलं असलं की कुणी तरी त्यावर बोट ठेवू शकतं.

२०१३ साली सगळंच कडक झालं. चाचण्यांमध्ये होणाऱ्या मृत्यूंवरून सर्वोच्च न्यायालयात याचिका चालू होती. समित्यांची नोंदणी सक्तीची झाली, नुकसानभरपाईचे नियम आले आणि संमती घेतानाचं चित्रीकरण करायचा हुकूम निघाला. मला वाटलं, आता तरी खरं काय ते दिसेल. एका चित्रफितीत साठीचे एक शेतकरी होते. कॅमेरा चालू होताच त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा नीट घातली आणि ताठ बसले. डॉक्टर वाचत गेले, ते प्रत्येक वाक्यावर "होय साहेब" म्हणत गेले. "तुम्हाला काही विचारायचंय का?" यावरही "होय साहेब". आणि मग गप्प. डॉक्टरांनी पान उलटलं. नियमाच्या दृष्टीनं ती चित्रफीत निर्दोष होती. प्राध्यापकांनी तो शेवटचा तुकडा दोनदा लावायला सांगितला. त्या होकारानंतर थांबायला हवं होतं, हे त्या तरुण डॉक्टरला दाखवल्यावर त्याचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. बाहेर त्याच्या ओपीडीला साठ माणसं बसली होती.

दुसरा प्रसंग इतका निरागस नव्हता. सही करता न येणाऱ्या रुग्णाचा अंगठा घेतात तेव्हा चाचणीशी संबंध नसलेला एक साक्षीदार लागतो. एका चाचणीची पाहणी करताना मी पत्रकं एकावर एक ठेवून नुसती शेवटची पानं उलटत होते. शिक्षिकेची सवय, एका बाकावरच्या मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलं की मला ते अक्षरावरून कळायचं. अकरा अंगठ्यांना एकच साक्षीदार होता. एकच वळण, एकच हिरवी शाई. तो त्याच विभागातला वॉर्डबॉय निघाला. मी ते मांडलं तेव्हा खोलीत शांतता पसरली. मग कुणी तरी म्हणालं, "बाई, पण रुग्णांना काही त्रास तर झाला नाही ना?" ती चाचणी थांबली, संमत्या पुन्हा घेतल्या गेल्या, अकरांपैकी दोघांनी नको म्हटलं. मला मात्र पुढचे दोन महिने आदल्या संध्याकाळचा फोन आला नाही. दुसरी एक सामान्य व्यक्ती शोधून पाहिली असावी, ती मिळाली नसावी.

माझं माहेर उस्मानाबाद जिल्ह्यातलं, आता धाराशिव. त्यामुळे प्राध्यापकांनी एकदा तिथल्याच अभ्यासाचा निबंध माझ्यापुढे ठेवला, तो मी एखाद्या गावाकडच्या पत्रासारखा वाचला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास, १९९९ साली सुरू झालेला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया आणि गावांचे ५२ गट. तीन भागांत तीन वेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथ्या भागात नेहमीसारखंच, म्हणजे माहिती दिली आणि तपासणी हवी तर कुठे जावं ते सांगितलं. २००९ साली निष्कर्ष छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तपासलेल्या त्या भागात ३४, चौथ्या भागात ६४. या निष्कर्षाचा जगभर उपयोग झाला. आणि चौथ्या भागावरून जगभर वादही झाला. करणाऱ्यांचं म्हणणं, या खेड्यांत एरवीही कुणी तपासत नव्हतं, आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. टीका करणाऱ्यांचं म्हणणं, तपासणीनं जीव वाचतात हे बाहेर कित्येक दशकं माहीत असताना हजारो बायकांना नुसतं मोजत राहायचं?

मी आमच्या काकूला फोन केला. तिनं विचारलं, "तपासायला आले असते तर आम्ही गेलो असतो का गं?" मग स्वतःच म्हणाली, "गाडी दारात आली असती तर गेलो असतो." या वादावर इतके लेख निघाले, पण हे दुसरं वाक्य मी कुठेही वाचलं नाही. त्यानंतर तुलनेसाठी ठेवलेला गट दिसला की मी विचारायला लागले, या गटाच्या दारात गाडी कधी जाणार? अभ्यास संपल्यावर की कधीच नाही? प्राध्यापकांच्या प्रश्नाला आता जोड मिळाली होती. बैठका लांबायला लागल्या.

आता माझी चूक. एका मुलीला, समाजकार्याची विद्यार्थिनी होती, शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांशी बोलायचं होतं. आजाराबद्दल त्यांना कुणी काय सांगितलं, त्यांना काय सांगायला हवं होतं, एवढंच. सगळ्यात मोठ्यानं नाही मी म्हटलं. मरणाच्या दारातल्या माणसाला प्रश्न विचारून कशाला छळायचं? माझ्या बोलण्याला वजन होतं, मी 'सामान्य माणसाचं मन' मांडत होते ना! प्रस्ताव फेटाळला. दोन वर्षांनी माझी थोरली बहीण तशाच खाटेवर होती. डॉक्टर यायचे, दाराशी उभे राहून माझ्याशी हळू आवाजात बोलायचे आणि जायचे. एका दुपारी ती म्हणाली, "सगळे तुलाच विचारतात. मला कुणी काही विचारतच नाही." त्या मुलीनं एव्हाना विषय बदलून पदवी घेतली असेल. होकारानं नुकसान होतं, हे समितीत सगळ्यांनाच शिकवतात. नकाराचा हिशेब कुणी मागत नाही, त्यामुळे तो फार सोपा असतो, आणि नाही म्हणताना आपण भले आहोत असंही वाटतं.

हिशेबावरून ते आठ लाख आठवले. चाचणीत मृत्यू झाला तर डॉक्टरांनी चोवीस तासांत कळवायचं आणि समितीनं तीस दिवसांत भरपाईबद्दलचं मत पाठवायचं. त्यासाठी सूत्र आहे. आठ लाख गुणिले वयाचा घटक, गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. वयाचा घटक सोळा वर्षांपर्यंत २२८.५४, मग उतरत उतरत पासष्टच्या पुढे ९९.३७. म्हणजे पासष्टच्या पुढे गेलेल्या माणसाच्या बाबतीत वरचे आणि खालचे ९९.३७ एकमेकांना खोडतात आणि उरते फक्त जोखीम. निरोगी माणूस असेल तर ४. चाचणीत आला तेव्हाच सहा महिन्यांहून जास्त जगण्याची आशा नसेल तर ०.५. सहा महिने ते दोन वर्षं असेल तर १.

आमच्यापुढचे गृहस्थ सदुसष्ट वर्षांचे होते. मृत्यू औषधामुळे, यावर दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच, औषध घेतलं नसतं तर ते सहा महिन्यांत गेलेच असते का? गेले असते तर चार लाख, नसते तर आठ. दोन विद्वान डॉक्टर तासभर त्यांच्या हृदयाच्या आकड्यांवर वाद घालत होते. मला आकडे कळत नव्हते म्हणून मी केसपेपर चाळत बसले. चाचणीत आले त्या दिवशीच्या पानावर नर्सनं बारीक अक्षरात नोंद केली होती, 'पुढची तारीख आषाढीनंतर द्यावी, वारीला जाणार आहेत.' मी ती मोठ्यानं वाचली. वैद्यकीय पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. पण वाद घालणाऱ्यांतला जो चार लाखांच्या बाजूचा होता, तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसला आणि म्हणाला, "त्यांचे चालण्याच्या चाचणीचे आकडे पुन्हा काढा." ते बऱ्यापैकी चांगले होते, कुणाचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. आम्ही १ लिहून पाठवलं. आमचं ते फक्त मत, अंतिम आदेश दिल्लीचा.

त्या संध्याकाळी आमच्या वकीलबाई माझ्यासोबत बसस्टॉपपर्यंत चालत आल्या. घरी गाडी होती तरी. म्हणाल्या, "मार्चअखेर मी माहेरी चाललेय. येता का?"

माहेर त्यांचं कुंभकोणम. तंजावरी मराठी घर. त्यांचं आमच्याशी बोलायचं मराठी पुणेरी, पण तिथल्या अंगणात पाय ठेवल्याबरोबर ते बदललं. सूर तमिळ आणि शब्द आपल्या पणजीचे. मला निम्मं कळायचं. वाटेत तंजावरला सरस्वती महाल पाहिला. सरफोजीराजे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करवीत, त्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रं त्या ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. "संमतिपत्रक?" मी विचारलं. वकीलबाई हसल्या. "राजा विचारतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?" होय साहेब, मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी नाचियार्कोविल. कुंभकोणमहून दहाएक किलोमीटर. नाचियार म्हणजे देवी. गाव तिच्या नावाचं आणि मिरवणुकीत मानही तिचा, देव मागून येतो. उत्सव पंगुनी महिन्यातला. इथला गरुड दगडी आहे, कल् गरुडन्. गाभाऱ्यातून उचलताना त्याला चार माणसं पुरतात, पुढच्या टप्प्याला आठ लागतात, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. बाहेर पडता पडता त्याचं वजन वाढत जातं आणि परतताना तसंच कमी होतं, अशी तिथली श्रद्धा. नादस्वर कानाशी वाजत होता, कापूर आणि घामाचा वास, आणि खांद्यांची रांग माझ्या डोळ्यांदेखत वाढत गेली. पायऱ्यांवर एका तरुणाचा गुडघा वाकला तसा मागच्यानं काही न बोलता त्याच्या खांद्याखाली आपला खांदा सरकवला.

मी शंकेखोर. म्हटलं, "आत जागाच चौघांची असेल." वकीलबाई म्हणाल्या, "असेल. आपल्या मीटिंग रूममध्ये तरी कितीशी आहे?" एवढंच बोलून त्या नारळ घ्यायला गेल्या.

संध्याकाळी समया घडवणाऱ्यांच्या गल्लीत गेलो. हे गाव पितळी समयांचं, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. साचे कावेरीच्या बारीक गाळाचे. बैठक, खांब, तेलाची वाटी आणि वरचा हंस असे वेगवेगळे ओततात आणि फिरकीनं जोडतात. एक कारागीर नुकत्याच घासलेल्या वाट्यांत पाणी भरून त्या कोऱ्या कागदावर मांडून ठेवत होता. दिसायला सगळ्या सारख्याच. थोड्या वेळानं त्यानं एक उचलली. खाली कागदावर टाचणीच्या टोकाएवढा ओला ठिपका होता. ती वाटी त्यानं ओतशाळेच्या कोपऱ्यातल्या ढिगात भिरकावली, परत वितळवायला. ना चिडला, ना हळहळला. मी जी समई आणली तिची वाटी मी घरी आल्यावर पाणी भरून तपासली. त्याला हे कळलं असतं तर बहुतेक राग आला असता.

२०२२ला मी समिती सोडली. गुडघे बोलत होते. मावशी त्याआधीच निवृत्त झाल्या होत्या, प्राध्यापक गेले होते. बैठका आता निम्म्या पडद्यावर व्हायच्या, आणि विषयही बदलले होते. गोळ्यांपेक्षा जनुकं, साठवलेल्या पेशी, उरलेलं रक्त. आपल्याच मुंबईत आयआयटी आणि टाटा रुग्णालयाच्या लोकांनी रुग्णाच्या पेशी बदलून रक्ताच्या कर्करोगावर उपचार उभा केला, २०२३ला त्याला मंजुरी मिळाली, ही बातमी मी अभिमानानं दोनदा वाचली. आणि मनात आलं, याचं संमतिपत्रक कुणी कुणाला वाचून दाखवलं असेल?

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मीच भरती झाले. वेदनाशामक इंजेक्शनवर अभ्यास चालू होता. एक गोड चेहऱ्याचा मुलगा फाइल घेऊन आला. "आजी, इथं सही करा. फॉर्मॅलिटी आहे." मी चष्मा मागितला. पत्रकात 'संशोधन करणारे डॉक्टर' होते, 'चिठ्ठी टाकून' होतं. आमचाच मसुदा फिरत फिरत इथवर आला होता. मी मनातून सुखावले आणि पुढे वाचत गेले. सातव्या पानावर थांबले. 'तुमचं उरलेलं रक्त जपून ठेवलं जाईल आणि पुढच्या संशोधनासाठी वापरलं जाईल.' साधं, सोपं वाक्य. ते मंजूर झालं तो दिवस मला आठवतो. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते, प्राध्यापक आजारी होते, आणि मूळचं दोन परिच्छेदांचं इंग्रजी मी मोठ्या हौसेनं एका ओळीत बसवलं होतं. सगळ्यांनी वाहवा केली होती.

"कसलं संशोधन?" मी विचारलं.

"ते असतंच तसं, आजी. सगळ्यांच्या फॉर्मवर असतं."

"किती वर्षं ठेवणार? मी नको म्हटलं तर काढून टाकता येतं का?"

त्यानं पान स्वतःकडे फिरवून ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. बाहेर त्याला कुणी तरी हाक मारत होतं. मी पेन खाली ठेवलं आणि खाटेशेजारचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि बसला.